चार पानांची खिडकी

पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दप्तर ज्यांनी पाहिले आहे, त्यांना रुमाल म्हणजे काय हे सांगावयास नको. जुने कागद फडक्यात बांधून केलेले ते गठ्ठे फडताळांवर ओळीने मांडलेले असतात, आणि त्यांची संख्या हजारांनी मोजावी लागते. तेथे अभ्यासाला बसणाऱ्या माणसापुढे मेज मात्र एकच असते. सगळे दप्तर त्या मेजावर कधीच मावणार नाही, आणि मावण्याची आवश्यकताही नाही. अभ्यासकाने हव्या त्या रुमालाचा क्रमांक लिहून द्यावा, दप्तराच्या माणसाने तो आणून मेजावर ठेवावा, पाहून झाला की परत न्यावा आणि दुसरा आणावा. मेज वाढत नाही; तरीही त्याच मेजावर बसून सबंध दप्तर वाचता येते.

डॉस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रणालीवर चालणाऱ्या जुन्या संगणकांत नेमकी अशीच एक व्यवस्था होती. तिला एक्सपांडेड मेमरी म्हणत. आपण तिला विस्तारित स्मृती म्हणू. हिचा कारभार पाहणारी जी छोटी आज्ञावली, तिला ड्रायव्हर म्हणतात. १९८५ नंतरची सुमारे दहा वर्षे ज्यांनी अशा संगणकांवर काम केले, त्यांच्या कित्येक संध्याकाळी या कारभाऱ्याची समजूत घालण्यात गेल्या आहेत. हा विषय आता इतिहासजमा झाला, असे कोणी म्हणेल. वस्तुतः तसे नाही. एखाद्या कारखान्यातील कापणीचे यंत्र, प्रयोगशाळेतील एखादे उपकरण, एखाद्या संस्थेचे वीस-पंचवीस वर्षांचे हिशेब हे डॉसवरच्याच आज्ञावलीच्या स्वाधीन असल्याचे आजही आढळते. ती आज्ञावली विस्तारित स्मृती मागते, ती मिळाली नाही की उघडावयाचे नाकारते, आणि तबकडीवर शाबूत असलेले हिशेब त्यांच्या धन्यालाच परके होतात. पेटी घरात आहे, किल्लीही आहे. पण किल्ली कोणत्या बाजूस फिरवावयाची हे ठाऊक असलेला माणूस मात्र घरात उरलेला नाही, अशी ही अवस्था असते. म्हणून ही किल्ली फिरते कशी, हे समजून घेणे अजूनही उपयोगाचे आहे.

प्रथम ही अडचण निर्माण कशी झाली ते पाहू. आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आणला. त्यात इंटेल कंपनीचा ८०८८ हा प्रक्रियक होता. संगणकाच्या स्मृतीतील प्रत्येक घराला क्रमांक असतो, आणि कोणते घर हवे हे प्रक्रियक काही ठराविक तारांवरून सांगत असतो. ८०८८ला अशा पत्त्याच्या तारा २० होत्या. प्रत्येक तारेवर शून्य अथवा एक, एवढीच दोन चिन्हे. तेव्हा दोनाचा विसावा घात, म्हणजे १०,४८,५७६ घरे, एवढीच त्याची पोच. यालाच एक मेगाबाइट किंवा १०२४ किलोबाइट म्हणतात. त्यापलीकडचे घर असले काय नि नसले काय, त्याचा क्रमांक या प्रक्रियकाला उच्चारताच येत नसे.

या १०२४ किलोबाइटांची वाटणी रचनाकारांनी केली, ती ध्यानात ठेवण्यास फार सोपी आहे. प्रत्येकी ६४ किलोबाइटांचे १६ खंड पाडले. संगणकशास्त्रात सोळाच्या पटीतील अंकपद्धती वापरतात. तिच्यात शून्य ते नऊ हे दहा अंक, आणि पुढील सहांसाठी ए, बी, सी, डी, ई, एफ ही सहा अक्षरे. तेव्हा अंकांचे दहा खंड, म्हणजे ६४० किलोबाइट, वापरणाऱ्याच्या आज्ञावलींना मिळाले; आणि अक्षरांचे सहा खंड, म्हणजे ३८४ किलोबाइट, यंत्राने स्वतःकडे ठेवले. ए आणि बी पडद्यावरील चित्रासाठी, एफ यंत्र सुरू होताना लागणाऱ्या कायमच्या सूचनांसाठी, आणि मधले तीन पुढे जोडावयाच्या फलकांसाठी, अशी साधारण विभागणी झाली.

आज या वाटणीस अदूरदर्शी म्हणणे सोपे आहे. परंतु त्या वेळी या यंत्राचा सर्वांत लहान नमुना अवघ्या १६ किलोबाइटांवर विकला जात होता, आणि मुख्य फलकावर फार तर ६४ किलोबाइट बसत. त्याच्या दसपट जागा आज्ञावलींना देणारा माणूस त्या दिवशी उदारच ठरला असता. घर बांधताना चार माणसांना चाळीस पाट पुरतील असे वाटते. लग्नकार्य निघाल्यावरच ते अपुरे पडतात.

हे लग्नकार्य फार लवकर निघाले. जानेवारी १९८३ मध्ये लोटस कंपनीची वन-टू-थ्री ही हिशेबाची आज्ञावली आली. आडव्या-उभ्या रकान्यांचा विस्तीर्ण ताव पडद्यावर मांडावा, एका घरातील आकडा बदलताच त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे आपोआप बदलावेत, ही किमया व्यापाऱ्यांना इतकी भावली की, या एका आज्ञावलीसाठी लोक संगणक विकत घेऊ लागले. परंतु तो सबंध ताव स्मृतीतच ठेवावा लागे. ताव वाढत गेला, आणि एके दिवशी स्मृती भरली अशी सूचना पडद्यावर उमटू लागली. ६४० किलोबाइटांची भिंत सामान्य माणसाच्या कपाळाला प्रथम आपटली ती येथे.

भिंत पाडणे शक्य नव्हते. मग तिला खिडकी पाडावयाचे ठरले. १९८५ साली लोटस आणि इंटेल या कंपन्यांनी मिळून एक संकेत प्रसिद्ध केला, त्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट त्यात सामील झाली, आणि तिघांच्या आद्याक्षरांवरून त्यास लिम हे नाव पडले. त्यातील कल्पना अशी. एका स्वतंत्र फलकावर पुष्कळ स्मृती बसवावयाची आणि तिची १६ किलोबाइटांची एकेक पाने करावयाची. यंत्राने स्वतःसाठी राखलेल्या अक्षरांच्या खंडांत एखादी सलग ६४ किलोबाइटांची रिकामी जागा शोधावयाची. या जागेला पानांची चौकट म्हणतात. तीत एका वेळी चार पाने बसतात. प्रक्रियकाला दिसते ती ही चौकट. फलकावरील शेकडो पानांपैकी कोणती चार पाने या चौकटीत दिसावीत, ते मात्र क्षणोक्षणी बदलता येते. आपले मेज आणि आपले रुमाल ते हेच.

येथे रुमालाची उपमा थोडी लंगडी पडते, तेही सांगितले पाहिजे. दप्तरात रुमाल खरोखर उचलून आणावा लागतो. येथे काहीच उचलले जात नाही. पान आपल्या जागीच असते. फक्त चौकटीचा पत्ता आता त्या पानाकडे वळवला जातो. म्हणूनच हे काम अत्यंत झपाट्याने होते.

हे पत्ते वळवणारा कारभारी म्हणजे ड्रायव्हर. आज्ञावलीचे त्याच्याशी चालणारे संभाषण अगदी ठराविक असते. चौकट कोठे आहे, हे ती प्रथम विचारते. मग किती पाने शिल्लक आहेत, हे विचारते. हवी तेवढी पाने मागून घेते, तेव्हा कारभारी तिला एक क्रमांक देतो. हा तिच्या नावावरचा रुमाल. पुढे ती म्हणते, माझ्या अमुक क्रमांकातील सातवे पान चौकटीच्या दुसऱ्या जागी दाखव. आणि ते दिसू लागते. काम संपल्यावर क्रमांक परत करावयाचा असतो. एखादी आज्ञावली मध्येच कोसळली आणि क्रमांक परत करावयाचा राहिला, तर ती पाने तिच्याच नावावर अडकून पडतात, आणि यंत्र पुन्हा सुरू करीपर्यंत कोणाच्याही उपयोगी पडत नाहीत. आरंभीच्या संकेतात अशी ८ मेगाबाइटांपर्यंत सोय होती. १९८७च्या चौथ्या आवृत्तीने ती ३२ मेगाबाइटांपर्यंत नेली.

आता एका गोंधळाचा उलगडा करणे अवश्य आहे. १९८४ साली आयबीएमचा एटी हा संगणक आला. त्यातील ८०२८६ या प्रक्रियकाला पत्त्याच्या २४ तारा होत्या, आणि त्याची पोच १६ मेगाबाइटांपर्यंत होती. एका मेगाबाइटच्या पलीकडील या सलग स्मृतीला एक्स्टेंडेड मेमरी म्हणतात. ही वाढीव स्मृती वेगळी, आणि खिडकीतून दिसणारी विस्तारित स्मृती वेगळी. नावे बहिणींसारखी, पण स्वभाव निराळे. डॉस मूळच्या ८०८८साठी घडलेला असल्यामुळे या वाढीव स्मृतीत त्याला सरळ वावरता येत नसे. माडीवर खोल्या बांधल्या, पण जिना चढणे घरातील वडील माणसाला जमेना, असा तो प्रकार.

हा पेच सुटला तो १९८५ साली आलेल्या ८०३८६ या प्रक्रियकाने. त्याच्यात पत्ते वळवण्याची सोय अंगचीच होती. त्यामुळे वेगळ्या फलकाची गरज उरली नाही. साध्या वाढीव स्मृतीचाच काही भाग घेऊन, एका ड्रायव्हरच्या साह्याने, तो विस्तारित स्मृती म्हणून दाखवता येऊ लागला. जून १९९१ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्ट डॉसच्या पाचव्या आवृत्तीपासून हा ड्रायव्हर आणि त्याचे सगळे साहित्य एकत्र मिळू लागले, आणि आजही कोणी जुने यंत्र चालू करील तर बहुधा याच ड्रायव्हरशी त्याची गाठ पडेल. त्याचे नाव ईएमएम३८६.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळू. यंत्र सुरू होताना डॉस कॉन्फिग.सिस नावाची एक छोटी फाइल वाचतो. साध्या मजकुराच्या या फाइलीत आपण ज्या ओळी रोमन लिपीत लिहू, त्या क्रमानेच तो अमलात आणतो. पहिली ओळ हायमेम.सिस या ड्रायव्हरची असावी. वाढीव स्मृतीचा हा कोठावळा. दुसरी ओळ ईएमएम३८६.ईएक्सई याची. हा क्रम उलटा करून चालत नाही, कारण दुसऱ्याला लागणारी स्मृती पहिल्याच्या कोठारातून यावयाची असते. तिसरी ओळ डॉस=हाय,यूएमबी अशी. तिच्यातील पहिल्या शब्दाने डॉसचा स्वतःचा पुष्कळसा भाग एका मेगाबाइटच्या लगेच वर असलेल्या ६४ किलोबाइटांच्या पट्टीत जाऊन बसतो. दुसऱ्या शब्दाने अक्षरांच्या खंडांतील रिकाम्या जागा किरकोळ आज्ञावलींना वापरता येतात.

दुसऱ्या ओळीच्या शेवटी एक शब्द लिहावयाचा असतो, आणि सारे मर्म त्या शब्दात आहे. तेथे रॅम असे लिहिले, तर चौकट उभी राहते आणि विस्तारित स्मृती मिळते. नोईएमएस असे लिहिले, तर चौकट उभी राहत नाही. परंतु ते ६४ किलोबाइट वाचतात आणि माउस, कळफलक वगैरेंचे ड्रायव्हर तेथे नेऊन बसवता येतात. म्हणजे खाली ६४० किलोबाइटांत अधिक जागा मोकळी होते. एका आज्ञावलीला खिडकी हवी, दुसरीला खालची मोकळी जागा हवी. दोन्ही एका वेळी पुरतील इतकी जमीन नेहमीच असते असे नाही. ऑरिजिन या एकाच कंपनीच्या दोन खेळांचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. १९९० सालचा विंग कमांडर विस्तारित स्मृती मिळाल्यास अधिक चांगली चित्रे दाखवी. १९९२ सालच्या अल्टिमा सात या खेळाची स्मृतिव्यवस्था मात्र स्वतःची आणि अशी होती की, ईएमएम३८६ जागा असेल तर तो खेळ सुरूच होत नसे. एकाच घरच्या दोन पाहुण्यांपैकी एकाला दार उघडे लागावे, तर दुसऱ्याला बंद लागावे, असा हा मामला. १९९३ साली आलेल्या डॉसच्या सहाव्या आवृत्तीने यंत्र सुरू होताना मांडणी निवडण्याची सोय दिली, ती अशाच अडचणींसाठी.

पाचव्या आवृत्तीत आणखी एक बारकावा आहे. विस्तारित स्मृती किती हवी तो आकडा किलोबाइटांत त्याच ओळीत लिहावा लागतो. न लिहिल्यास केवळ २५६ किलोबाइट मिळतात. यंत्रात स्मृती भरपूर असूनही आज्ञावली अपुरी स्मृती म्हणून कुरकुरत असेल, तर पुष्कळदा कारण एवढेच असते. सहाव्या आवृत्तीत ही स्मृती एकाच कोठारातून गरजेप्रमाणे दिली जाऊ लागली.

परंतु सर्वांत अवघड भाग चौकटीला जागा शोधण्याचा. एक उदाहरण घेऊन हिशेब करून पाहू. एखाद्या यंत्रात ए आणि बी पडद्याने घेतले आहेत. सीचा पहिला अर्धा भाग, म्हणजे ३२ किलोबाइट, चित्रफलकाच्या सूचनांनी व्यापला आहे. ई आणि एफ यंत्राच्या स्वतःच्या सूचनांकडे आहेत. मग राहिला सीचा उरलेला अर्धा आणि सबंध डी, म्हणजे ३२ अधिक ६४, एकूण ९६ किलोबाइट. चौकटीला ६४ हवेत. तेव्हा जागा आहे. आता या यंत्रात जाळ्याला जोडणारा एक फलक बसवला आणि त्याने डीच्या आरंभीचे १६ किलोबाइट घेतले. उरले किती? ८०. चौकटीला हवेत ६४. तरीही चौकट उभी राहणार नाही! कारण त्या फलकाच्या अलीकडे ३२ आणि पलीकडे ४८ असे दोन तुकडे पडले, आणि चौकटीला सलग जमीन लागते. शेताच्या मधोमध बांध घातला तर एकूण क्षेत्र फारसे घटत नाही. पण मोट हाकावयाची ती धाव मात्र उरत नाही.

उपाय असा की, त्या फलकाचा पत्ता बदलून त्याला डीच्या अगदी शेवटच्या १६ किलोबाइटांत न्यावे. असे फलकावरील लहानशा खुंट्यांनी अथवा त्याच्या आज्ञावलीने करता येते. मात्र फलकाच्या ड्रायव्हरलाही नवा पत्ता कळवावा लागतो. आता अलीकडे सलग ८० किलोबाइट मिळाले. ईएमएम३८६च्या ओळीत फ्रेम=सी८०० असे लिहिले की, चौकट सीच्या मध्यापासून सुरू होते, आणि १६ किलोबाइट वर उरतात.

एवढ्याने भागत नाही. फलकाची जागा वर्ज्य आहे, हे त्याच ओळीत एक्स=डीसी००-डीएफएफएफ असे स्पष्ट लिहावे. कारण हे आहे. ईएमएम३८६ सुरू होताना रिकाम्या जागा स्वतःच चाचपून पाहतो. पण असे काही फलक त्यांचा स्वतःचा ड्रायव्हर येईपर्यंत निजलेले असतात. चाचपणाऱ्याला ती जागा ओसाड वाटते आणि तो तिच्यावर हक्क सांगतो. थोड्या वेळाने फलक जागा होतो, आणि एका पत्त्यावर दोन मालक उभे राहतात. मग यंत्र थिजते. किंवा त्याहून वाईट म्हणजे, ते थिजत नाही आणि जाळ्यातून येणारी माहिती मुकाट्याने बिघडत राहते. थिजलेले यंत्र निदान सांगते तरी की काही चुकले आहे. न सांगता चुकणारे यंत्रच हिशेबाचा खरा घात करते.

म्हणून ज्यांना जुन्या यंत्रातून जुने दप्तर सोडवावयाचे आहे, त्यांनी क्रम पाळावा. मांडणीला हात लावण्यापूर्वी तबकडीवरील सर्व माहितीची प्रत काढावी. कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट या दोन फाइलींची नक्कल वेगळ्या नावाने ठेवावी, आणि यंत्र स्वतंत्रपणे सुरू करणारी एक फ्लॉपी हाताशी असावी. एका वेळी एकच ओळ बदलावी. सहाव्या आवृत्तीत यंत्र सुरू होताना एफ५ ही कळ दाबली तर दोन्ही फाइली वगळल्या जातात, आणि एफ८ दाबली तर प्रत्येक ओळ विचारून अमलात येते. कोणत्या ओळीवर गाडी अडते, हे त्यामुळे नेमके कळते. प्रत्येक बदलानंतर मेम /सी ही आज्ञा देऊन कोणी किती जागा घेतली ते पाहावे आणि कागदावर टिपून ठेवावे. हे टिपण पुढच्या माणसासाठी असते.

यंत्रच निकामी झाले असेल, तरी मार्ग खुंटलेला नाही. आजच्या ६४ बिटी विंडोजवर डॉसच्या आज्ञावली थेट चालत नाहीत. परंतु डॉसबॉक्स नावाची एक विनामूल्य आज्ञावली नव्या संगणकात जुन्या यंत्राचे सोंग हुबेहूब वठवते, आणि तिच्या मांडणीच्या फाइलीत विस्तारित स्मृतीसाठी एक ओळ असते. १९९४ पासून घडत आलेला फ्रीडॉस हाही विनामूल्य असून, त्यात याच कामाचा स्वतःचा ड्रायव्हर आहे. म्हणजे खिडकी पाडणारे कारागीर अजून आहेत; कोणती आज्ञावली कोणती खिडकी मागते, हे मात्र आपल्याला ठाऊक असावे लागते.

पेशव्यांचे कागद आज वाचता येतात, ते केवळ कागद टिकले म्हणून नव्हे. मोडी वाचणारी माणसे टिकली, रुमालांचे क्रमांक लावणारी आणि याद्या करणारी माणसे टिकली, म्हणून त्या कागदांना वाचा राहिली. संगणकातील दप्तराचेही तसेच आहे. तबकडीवरच्या खुणा पुष्कळ काळ राहतील. परंतु त्या ज्या मेजावर उलगडावयाच्या ते मेज कसे मांडावे, हे सांगणारी चार ओळींची एक फाइल हरवली, तर एका संस्थेची, एका घराची वीस वर्षे मुकी होतात. आपल्याकडे असे एखादे जुने यंत्र कोपऱ्यात पडले असेल, तर ते भंगारात देण्यापूर्वी एकदा सुरू करून पाहावे, आणि त्या चार ओळी आधी कागदावर उतरवून घ्याव्यात.